दुधाचाच दात

माझ्या धाकट्या बहिणीला ‘स’ म्हणता यायचा नाही. मला ती ‘थुमी’ म्हणायची. वरचे समोरचे चारही दात झिजून हिरडीशी नुसते काळे खुंट उरले होते, त्यामुळे जीभ कुठे टेकवायची हे तिला कळत नसावं. साखर म्हणजे थाकर, सकाळ म्हणजे थकाळ. आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची, आणि हसताना खालचा ओठ वर ओढून दात झाकायची. चार वर्षांच्या पोरीला आपले दात झाकावेत असं का वाटलं असेल, हा प्रश्न तेव्हा घरात कुणालाच पडला नाही. तिचं नाव कुंदा. माझं सुमन, घरात सुमी.

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे होता. आता तिथे चार मजली इमारती आहेत, खाली पार्किंग आणि वर बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना फुलं होती. शेवंती, गलांडा, थोडा निशिगंध आणि दसऱ्याच्या बेताने लावलेला झेंडू. उरलेल्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, वांगी. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याची टुकटुक पहाटे सुरू झाली की घर जागं व्हायचं आणि ती थांबली की एकदम कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. फुलं उजाडायच्या आत तोडावी लागत, ऊन चढलं की ती माना टाकतात. म्हणून दादा म्हणजे आमचे वडील, आई, काका आणि काकू अंधुकात पाट्या घेऊन वाफ्यांत शिरायचे. आईच्या हातांना झेंडूचा तो तुरट वास कायम असायचा, भाकरीलाही यायचा. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, वांग्याचं भरीत आणि गुळाचा चहा, एवढ्यावर आम्ही वाढलो. पाहुणे आले तरच साखरेचा चहा. साखरेचा डबा फळीवर वर ठेवलेला असे, पण माझा हात तिथवर पोचायचा.

तो पोचावा अशीच सोय होती. कुंदा झाली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि सकाळच्या तोडणीच्या वेळी तिला सांभाळणं माझ्याकडे आलं. आईने मला शिकवलं होतं. दादांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्यायचा, त्यात चिमूटभर साखर नाहीतर गुळाचा खडा बांधायचा, पुरचुंडी पाण्यात बुडवायची आणि बाळाच्या तोंडात द्यायची. रडं थांबतं. कुंदाचं रडं खरंच थांबायचं. ती पुरचुंडी चोखत झोपायची, आणि झोपेतही ती तिच्या तोंडात तशीच असायची. पहिला दात आल्यावरही आम्ही ते थांबवलं नाही, सगळे दात आल्यावरही नाही. थांबवायचं असतं हे कुणाला ठाऊक होतं? दात घासायला आम्ही मोठी माणसं राखुंडी वापरायचो, काकू तंबाखूची मशेरी लावायची. एवढ्याशा बाळाचे दात घासायचे, असं कुणी म्हणालं असतं तर काकू पदर तोंडाला लावून हसली असती.

दुसरं वर्ष सरता सरता तिच्या दातांवर हिरडीजवळ आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग त्या पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, आणि एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना दाताचा तुकडाच तिच्या हातात आला. तिने तो आईला नेऊन दाखवला, आनंदाने, काहीतरी सापडल्यासारखा. आई जराशी चरकली. काकू म्हणाली, “अगं, दुधाचे हायेत. पडायचेच हायेत. नवे येतील मोत्यासारखे.” मळ्यात फुलं घ्यायला आलेल्या बायका, दादांचे मित्र, आत्या, सगळ्यांनी हेच सांगितलं. दुधाचे आहेत, पडतील. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मीच ते लोकांना सांगायला लागले.

नंतर दाढा दुखायला लागल्या. कुंदा एकाच बाजूने चावायची, चावता चावता घशातून हूं हूं असा बारीक आवाज काढायची. आम्हाला वाटायचं, गाणं म्हणतेय. भाकरी दुधात भिजवून दिली तरच खायची, गार पाणी प्यायली की कानाला हात लावायची. आई दाढेत लवंग ठेवायची. काकूने एकदा मशेरी भरली, तर पोरीला उलट्या झाल्या आणि ती दिवसभर भिंतीला टेकून बसली. शेजारच्या वस्तीवरची एक बाई रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे काढते असं लोक म्हणाले, म्हणून तिच्याकडेही नेलं. तिने धुरी दिली, काशाच्या वाटीतल्या पाण्यात पांढरे कण दाखवले आणि म्हणाली, निघाले बघा. आम्ही बघितले. आम्हाला ते किडे दिसले.

गेल्या वर्षी माझ्या सुनेने साडेतीन वर्षांच्या नातीला कॉलेज रोडवरच्या मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा मी सोबत गेले होते. खुर्चीच्या वर छताला टीव्ही लावलेला, त्यात कार्टून. डॉक्टर मुलगी तिशीचीही नसेल. ती सुनेला समजावून सांगत होती. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, कीड झपाट्याने आत जाते. पहिला दात दिसला की मऊ ब्रश सुरू करायचा. झोपताना दुधाची बाटली तोंडात राहू द्यायची नाही. दुधाचा दात पडणारच आहे असं म्हणून सोडायचं नाही, त्याच्या मुळाशी पू झाला तर तो कुठेही पसरू शकतो. सून मान हलवत होती, मोबाइलवर लिहून घेत होती. मी पर्स शोधायचं निमित्त करून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले. एवढंच होतं तर! एवढं पाच मिनिटांत सांगून होतं.

कुंदा चार वर्षांची झाली त्या वर्षी घट बसले त्याच आठवड्यात कुंदाच्या खालच्या दाढेशी, हिरडीवर पांढरी पुळी आली. दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. मग पुळी आपोआप फुटली आणि ती हसायला लागली, खायला लागली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तरी आईने हट्टाने तिला गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते बॅटरीने तोंडात बघून गंभीर झाले. मी आईबरोबर होते, म्हणून त्यांचे शब्द मला आठवतात.

“पुळी फुटली म्हणजे बरं झालं असं नाही, बाई. आत मुळाशी पू आहे. मी गोळ्या देतो, पण ही दाढ काढायला हवी. नाशिकला दातांच्या डॉक्टरांकडे न्या. या आठवड्यातच न्या.”

आईने घरी येऊन दादांना सांगितलं. दादा वाफ्यात पाणी धरत होते. वाफ्यांची दारं मोडून पाणी वळवता वळवता म्हणाले, “नेऊ की. दसरा होऊन जाऊ दे. चार दिवसांचा तर प्रश्न हाय.”

दादा कठोर नव्हते. कुंदा त्यांच्या खांद्यावर बसून मळाभर फिरायची, त्यांच्या टोपीत फुलं खोचायची. पण झेंडूची तोडणी आणि दसरा ही गाठ कुणाच्या हातात नसते. तीन महिने वाढवलेलं पीक त्या दोन दिवसांत बाजारात गेलं नाही तर बांधावर फेकावं लागतं. आईलाही ते ठाऊक होतं. तिने गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या तशाच राहिल्या.

आता मला माझ्याविषयी लिहायचं आहे. इतकी वर्षं ते मी टाळत आले.

दादांनी मला शब्द दिला होता की या दसऱ्याला मी बाजारात यायचं. पंचवटीच्या एका कोपऱ्यावर आमची दरवर्षीची जागा होती. आदल्या दिवशी आई आणि दादा टेम्पोतून फुलं घेऊन जायचे, तिथेच बसून आई माळा ओवायची. मी सहावीत होते, आईइतक्या वेगाने माळ ओवू शकत होते, आणि शहरातला तो दिवस मी कधी पाहिला नव्हता. महिनाभर मी त्याचीच वाट बघत होते. निळा परकर धुऊन घडी करून उशाखाली ठेवला होता. काकू घरी थांबून कुंदाला बघणार, असं ठरलं होतं. मात्र कुंदा आजारी पडली तर काकूकडे ती राहणार नाही, मलाच थांबावं लागेल, हे मला न सांगताही कळत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला उठवायला गेले. तिच्या उजव्या जबड्याखाली सूज होती. गाल नव्हे, जबड्याच्या खाली, मानेशी. हात लावला तर कडक लागलं, आणि अंग गरम. तिने डोळे उघडले. तोंडातून लाळ गळत होती, ती गिळत नव्हती. म्हणाली, “थुमी, पानी नको.” मी पाणी विचारलंच नव्हतं.

बाहेर टेम्पोत पाट्या चढत होत्या. आईने अंगणातून हाक मारली, “सुमे, उठली का ती? कशी हाय? अंग तापलंय का?”

मी म्हणाले, “नाय. बरी हाय. झोपलीय परत.”

मी तिच्या अंगावर गोधडी गळ्यापर्यंत ओढली, म्हणजे सूज दिसणार नाही. हे मी केलं. अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं लोक म्हणतील, पण मला कळत होतं, म्हणून तर गोधडी ओढली. मग परकर नेसून बाहेर पळाले आणि टेम्पोत फुलांच्या ढिगावर जाऊन बसले. आई मागून आली.

तो दिवस सुंदर होता. हे लिहिताना हात अडतो, पण खोटं कशाला लिहू? गोदाकाठापर्यंत माणसांची रीघ लागली होती, आपट्याच्या पानांचे भारे, आंब्याचे डहाळे, भाताच्या लोंब्या, चारी बाजूंना केशरी आणि पिवळे ढीग. आईने मला मोठ्या बाईसारखं पोत्यावर शेजारी बसवलं. मी ओवलेल्या माळा लोक उचलून नेत होते. एक बाई म्हणाली, “किती घट्ट ओवते गं तुझी मुलगी!” आणि आई हसली. दादांनी मला कागदात गरम जिलेबी आणून दिली. मी सगळी खाल्ली. कुंदासाठी एखादं वेढं ठेवावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी गर्दीतून एक जीप हॉर्न वाजवत आमच्या कोपऱ्याशी येऊन थांबली. गावातल्याच एकाची होती. पुढे काका बसला होता. मागे काकू, आणि तिच्या मांडीवर कुंदा. ती ताठ बसली होती, हनुवटी वर, तोंड उघडं. हनुवटी आणि गळा यांच्यामध्ये खोबण असते ती राहिलीच नव्हती, सगळं एकसारखं फुगून लालभडक झालं होतं. जीभ वर उचलली गेली होती. प्रत्येक श्वासाला घरघर आवाज येत होता. काकू रडत रडत सांगत होती, “आडवं केलं का जीव घाबरा होतो वो तिचा. पाणीसुद्धा उतरंना.” कुंदाने मला पाहिलं. माझं नाव घ्यायला ओठ हलवले, पण आवाज आला नाही.

आई फुलांवरून धावली. दादांनी पोत्यावर पसरलेल्या मालाकडे वळूनही बघितलं नाही. मी जीपच्या मागच्या फळीला धरून उभी राहिले, हातात अर्धी माळ तशीच होती.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत नेलं. थोड्या वेळाने एक वयस्क डॉक्टर बाहेर आले. त्यांनी दादांना बाकावर बसवलं, स्वतःही शेजारी बसले. म्हणाले, दाढेतला पू जबड्याखाली आणि मानेत उतरला आहे, श्वासाची वाट दाबली गेली आहे. पू काढायला छेद दिला आहे, श्वासासाठी गळ्यात नळी घातली आहे. पण विष रक्तात गेलं आहे. मूल लहान आहे. आम्ही प्रयत्न करतो आहोत.

“कधीपासून सूज होती?” त्यांनी विचारलं.

काकू म्हणाली, “मी थकाळी...” आणि थांबली. कुंदाचा शब्द तिच्या तोंडी आला होता. तोंडावर हात ठेवून ती पुन्हा म्हणाली, “मी सकाळी उशिरा बघितलं, साहेब. गोधडी होती अंगावर.”

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर, कुंदा गेली. डॉक्टरांनी आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिला काहीतरी हिशेब लागत नव्हता, असा तिचा चेहरा होता. तिने डॉक्टरांच्या कोटाची बाही धरली आणि विचारलं, “पण दुधाचाच दात होता ना वो, डॉक्टर? पडणारच होता ना तो?”

डॉक्टर म्हणाले, “हो, बाई. दुधाचाच होता.”

त्याच जीपमधून आम्ही तिला घरी आणलं. वाटेत प्रत्येक दाराला झेंडूचं तोरण होतं. सायकलींना, रिक्षांना, दुकानांच्या फळ्यांना, सगळ्यांना माळा. आमच्या जीपलाही जीपवाल्याने सकाळी पूजा करून पुढे माळ बांधली होती. पूल ओलांडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, उतरून ती माळ सोडली आणि हातात घेऊन तसाच उभा राहिला. कुठे ठेवावी त्याला कळेना. शेवटी दादांनी हात पुढे केला आणि ती कुंदाच्या अंगावर ठेवली.

मळ्याच्या उत्तरेच्या बांधाशी तिला पुरलं. झेंडूचं निम्मं पीक तसंच उभं होतं. ते कुणी तोडलं नाही.

पुढच्या वर्षापासून दादांनी झेंडू लावणं सोडलं. लोक विचारायचे, ते म्हणायचे, जमिनीला मानवत नाय. आणि त्यांना एक सवय लागली. कुणाचंही लहान मूल दिसलं, लग्नात, बसस्टँडवर, सोयऱ्यांच्या घरी, की ते त्याच्यापुढे उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, “आ कर बरं बाळा. आ.” खिशात बॅटरी असायची. मुलं हसायची, काही घाबरून आईच्या मागे लपायची. कीड दिसली की दादा त्या आईबापांना म्हणायचे, “नाशिकला न्या. आज न्या.” लोक त्यांना वेडसर समजायला लागले. माझ्या मुलाच्या वेळी तर ते दर दोन महिन्यांनी बसने आमच्याकडे यायचे, त्याच्या तोंडात बघायचे आणि चहाही न घेता परत जायचे. मी पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. वर्गातल्या पोरांची तोंडं मीही तपासायचे, पण दादांसारखं कुणाच्या आईबापांना अधिकाराने सांगणं मला कधी जमलं नाही.

दादा गेले त्यानंतर वर्षभराने, आई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा, एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं. ती गच्चीत उन्हाला पाय करून वाटाणे सोलत होती. मी म्हणाले, त्या सकाळी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तिला ताप होता. मला बाजारात यायचं होतं, म्हणून मी गोधडी ओढली.

आईचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, “मला ठाव हाय.”

“तुला कसं ठाऊक?”

“तू टेम्पोकडं पळालीस, तशी मी आत गेले होते. गोधडी काढून बघितली. अंगाला हात लावला. चांगली तापली होती.”

तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं.

“वाटलं, संध्याकाळी येऊच. माळा ओवायला माणूस नव्हतं. गोधडी परत तशीच घातली आन् आले.” मग म्हणाली, “तुझ्या दादांना कधी बोलले नाय मी. ते आपले एकटेच स्वतःला दोष देत ऱ्हायले. दसरा होऊ दे म्हणलो, दसरा होऊ दे म्हणलो, हेच. शेवटच्या आजारातसुद्धा हेच बरळत होते. मी उशाशी बसलेली असायचे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, अगदी दवाखान्यातल्यासारखे.

“सांगायला पाहिजे होतं का गं, सुमे, त्यांना?”

नाही म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मला ते कळत होतं.

“हो, आई,” मी म्हणाले. “आपण दोघींनीही सांगायला पाहिजे होतं.”